गाडी पुढे नेता येते, मागे घेता येत नाही. तुम्ही रिव्हर्स कसा शिकलात?

निळी_जास्वंद | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वय ४८, राहणार पुणे, सिंहगड रोड. गेल्या डिसेंबरात लायसन्स हातात आलं. पाच गियरची साधी वॅगन आर आहे. पुढे जायला मला काही वाटत नाही. दांडेकर पुलाच्या गर्दीतून, स्वारगेटच्या चौकातून एकटी जाऊन आले आहे. पण गाडी मागे घ्यायची म्हटली की तळहाताला घाम सुटतो.

क्लासमध्ये वीस दिवसांत रिव्हर्स दीड दिवस शिकवला, तोही रिकाम्या मैदानात. शेजारी बसलेल्या सरांच्या पायाखाली दुसरा क्लच आणि ब्रेक होताच. तेव्हा गाडी खरं तर त्यांनीच मागे घेतली आणि मी नुसतं स्टेअरिंग धरून बसले होते, हे आता लक्षात येतंय.

आमचं पार्किंग तळमजल्यावर, दोन खांबांच्या मध्ये. गाडीचं नाक भिंतीकडे. सकाळी मागे काढायची, मागचा भाग डावीकडे न्यायचा आणि तोंड गेटकडे करायचं. एवढंच. काल आईला फिजिओथेरपीला न्यायचं होतं. ती मागच्या सीटवर काठी घेऊन बसली होती. रिव्हर्स टाकला तर आधी 'खर्रर्र' असा आवाज. मग क्लच सुटला आणि गाडीने उडी मारली, बंद पडली. पुन्हा तेच. तेवढ्यात वॉचमनकाका म्हणतात 'डावी काटा', गॅलरीतून पहिल्या मजल्यावरचे काका म्हणतात 'उजवी, उजवी', आणि मागे एक दुचाकीवाला हॉर्न वाजवतोय. शेवटी गाडी तिथेच ठेवली आणि आईला रिक्षाने नेलं. ती काही बोलली नाही, पण रिक्षात चढताना तिला किती त्रास झाला ते मी पाहिलं.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. क्लच किती सोडायचा? बघायचं कुठे, आरशात की मान वळवून? आणि स्टेअरिंग कुठल्या बाजूला फिरवायचं? कृपया अगदी पहिल्यापासून सांगा.

सह्यवारा | रात्री ९.५२

छान धागा. प्रतिसाद वाचायला बसलो आहे.

केतकीबन | रात्री १०.०५

अगं, हे सगळं मीच लिहिलंय असं वाटलं! मीही पुण्यातच. तीन वर्षं झाली लायसन्सला, अजून गाडी अशा ठिकाणी लावते की निघताना मागे घ्यावी लागू नये. त्यासाठी कधी कधी अर्धा किलोमीटर चालते. वाचतेय.

यंत्रवेडा | रात्री १०.३१

ताई, 'खर्रर्र'पासून सुरुवात करू. तो आवाज का येतो ते कळलं की अर्धी भीती जाते.

पुढच्या गियरांना सिंक्रोमेश असतं. दोन फिरणाऱ्या भागांचा वेग आधी जुळवून घेतला जातो आणि मग दात एकमेकांत अडकतात, म्हणून चालत्या गाडीत दुसऱ्याचा तिसरा अलगद पडतो. रिव्हर्सला अनेक गाड्यांत ही सोय नसते. तिथे मध्ये एक जादा चाक सरकवून फिरण्याची दिशा उलटी केली जाते. त्याचे दात सरळ कापलेले असतात, पुढच्या गियरांसारखे तिरपे नसतात. रिव्हर्समध्ये गाडी 'ऊँऽऽ' असा आवाज करते तो त्या सरळ दातांचाच. तो बिघाड नाही.

गाडी तसूभरही हलत असेल, किंवा क्लच दाबल्या दाबल्या घाईने दांडा ओढला, तर फिरते दात थांबलेल्या दातांवर घासतात. म्हणून:

गाडी पूर्ण थांबवा. क्लच तळापर्यंत दाबा. मनात एक, दोन, तीन म्हणा. मग दांडा न्या. तरी अडलाच तर जोर लावू नका. एकदा पहिला गियर टाकून काढा आणि मग रिव्हर्स टाका. पहिल्याच्या सिंक्रोमुळे आतला फिरता दांडा थांबतो. तरीही नाही पडला तर न्यूट्रल करून क्लच सोडा आणि पुन्हा दाबा. दातावर दात आला असेल तर तेवढ्याने सरकतो.

तुमच्या गाडीत रिव्हर्स पाचव्याच्या खाली आहे, उजवीकडे मागे. पाचव्यातून थेट खाली जाऊ नका, न्यूट्रलला येऊन उजवीकडे आणि खाली. दुसऱ्याची गाडी चालवायची वेळ आली तर मुठीवरचं चित्र आधी बघा. पोलोत दांडा खाली दाबून पहिल्याच्या शेजारी न्यावा लागतो. डस्टरमध्ये मुठीखालची कडी वर उचलावी लागते.

घाटमाथा | रात्री ११.१४

यंत्रवेडा यांनी उत्तम सांगितलं. मी क्लचचं सांगतो. माझ्या पत्नीला आणि दोन्ही मेहुण्यांना मीच शिकवलं.

रिव्हर्समध्ये ॲक्सिलरेटर विसरा. सपाट जमिनीवर त्याची गरज नाही. उजवा पाय ब्रेकवर, आणि तिथून हलवायचाच नाही. डाव्या पायाची टाच जमिनीला टेकवा, म्हणजे पाय हवेत लटकत नाही आणि थरथरत नाही. आता क्लच हळू सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, स्टेअरिंगला बारीक कंप येतो. ती जागा सापडली की पाय तिथेच थांबवा. ब्रेक हलकेच सोडा. गाडी मुंगीच्या चालीने मागे सरकू लागेल. जास्त सरकली तर क्लच पुन्हा तसूभर दाबा. थांबायचं असेल तर क्लच तळाला आणि ब्रेक.

उडी का मारते? कारण ती जागा यायच्या आधीच आपण घाबरतो आणि पाय पूर्ण उचलतो. रिव्हर्स गियर साधारण पहिल्याइतकाच ताकदीचा असतो, त्यामुळे धक्का जोरात बसतो.

एक व्यायाम देतो. मैदानात एक रेघ ओढा. गाडी तिच्यापासून एक गाडी लांब उभी करा. मागे येत रेघेपर्यंत पोचायला पूर्ण एक मिनिट लागलं पाहिजे. घड्याळ लावून करा. पहिल्या दिवशी पंधरा सेकंदांत पोचाल, चौथ्या दिवशी मिनिट जमेल. तोवर स्टेअरिंगला हातही लावायचा नाही.

हळदकुंकू७२ | सोमवार, सकाळी ७.२०

अर्ध्या क्लचवर एवढा वेळ राहिलं तर प्लेट जळत नाही का? आमचे मेकॅनिक नेहमी ओरडतात.

घाटमाथा | सकाळी ७.४८

जळते, जर चढावर ॲक्सिलरेटर दाबून पाच पाच मिनिटं तसंच धरलं तर. जळका वास आला की थांबून दहा मिनिटं गार होऊ द्या. सपाटीवर, इंजिनाच्या मूळ वेगावर, एक-दोन मिनिटांनी काही होत नाही. शिकताना प्लेट थोडी झिजली तरी ती खांबाला घासलेल्या दारापेक्षा परवडते.

चिरेबंदी | सकाळी ९.०३

आम्ही राजापूर तालुक्यातले. आमच्याकडे रिव्हर्स येत नसेल तर घरी पोचता येत नाही, म्हणून एक अनुभव सांगतो.

मामाच्या घराकडे जाणारी पाणंद. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, त्यावर शेवाळ. मध्ये जेमतेम गाडीएवढी वाट. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी मी सात सीटची गाडी घेऊन आत शिरलो. पाऊस रपारप. तांबड्या चिखलात दोन चाकोऱ्या. अर्ध्या वाटेवर समोरून टेम्पो आला, हौद्यात वाडीतले आठ-दहा गणपती, वर निळी ताडपत्री. आता कोण मागे जाणार? टेम्पोवाला बोलायच्या आधीच मामा खाली उतरला आणि मला म्हणाला, "तू घे मागे. गणपती मागे फिरवायचा नाही."

दीडशे फूट असेल. काच पावसाने आंधळी. मामा बॅटरी घेऊन गाडीच्या मागे गेला, एक हात गडग्यावर ठेवून उलटा चालायला लागला. 'डावी', 'उजवी' असलं काही तो बोललाच नाही. नुसतं "ये... ये... ये... थांब." थांब म्हटलं की मी थांबायचो. मग तो चाकाशी यायचा, बघायचा, आणि सांगायचा, "चार बोटं माझ्याकडे." पुन्हा "ये... ये."

एकदा मागचं चाक गडग्याला लागलंच. मी तिथेच स्टेअरिंग जोरात फिरवून सुटायला बघत होतो. मामाने काचेवर टकटक केलं आणि सांगितलं, "पुढे घे. सरळ कर. मग ये." ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. मागे जाताना चुकलेली गाडी मागे जाऊनच सरळ करायला गेलं तर आणखी अडकते. दहा फूट पुढे घ्यावी, चाकं सरळ करावी, नव्याने यावं. पंचवीस मिनिटं लागली. टेम्पोवाल्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

ताई, तुमच्या पार्किंगमध्ये अडचण गाडीची कमी आणि तीन माणसं एकदम बोलण्याची जास्त आहे. सांगणारा एकच ठेवा. बाकीच्यांना हात जोडून गप्प राहायला सांगा. आणि सांगणारा आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवा, मग तो कितीही 'येऊ द्या' म्हणू दे.

सह्यवारा | सकाळी ९.१५

"गणपती मागे फिरवायचा नाही." वा! डोळ्यांसमोर उभं राहिलं. मामांना नमस्कार सांगा.

लालडबा | सकाळी १०.४०

चिरेबंदींचा प्रतिसाद वाचून बाबा आठवले. ते एसटीत चालक होते, तीस वर्षं. स्थानकात गाडी फलाटावरून मागे काढताना कंडक्टरकाका खाली उतरून मागे उभे राहायचे आणि शिट्टी वाजवायचे. बाबा सांगायचे, शिट्टी चालू आहे तोवर यायचं, शिट्टी थांबली की ब्रेक. म्हणजे काका घसरून पडले किंवा कुणाशी बोलायला वळले, तरी गाडी आपोआप थांबणार. 'थांब' असं ओरडायची गरजच नाही. मी मुलाला शिकवताना हेच केलं. शिट्टी नव्हती, मी टाळ्या वाजवत राहिले.

निळी_जास्वंद | सकाळी ११.०२

चिरेबंदी, लालडबा, दोन्ही प्रतिसाद वाचताना अंगावर काटा आला. टाळ्यांची युक्ती आजच मुलाला सांगते. स्टेअरिंगचं कुणी सांगेल का? माझा सगळा गोंधळ तिथेच होतो.

ऑटोमॅटिक_भाऊ | सकाळी ११.३०

मी वेगळं मत मांडतो. भारतात २०१४ मध्ये सेलेरिओ एएमटी, म्हणजे गियर स्वतःच बदलणारी गाडी, आली, तेव्हापासून क्लचविना गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. ४८व्या वर्षी हा त्रास का घ्यायचा? गाडी बदला, कॅमेरा लावा, मोकळ्या व्हा. आणि १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे आहेतच.

केतकीबन | सकाळी ११.४४

भाऊ, गाडी बदलायला पैसे लागतात. आणि क्लच गेला तरी खांब तिथेच राहणार ना?

यंत्रवेडा | दुपारी १२.१०

केतकीबन यांच्याशी सहमत. ऑटोमॅटिकने डाव्या पायाचा प्रश्न सुटतो, गाडी कुठे चालली आहे हा सुटत नाही. सेन्सर जरूर वापरावेत, पण त्यांच्या मर्यादा ठाऊक हव्यात. ते ध्वनिलहरींवर चालतात. मागे खड्डा किंवा उघडं गटार असेल तर लहर परतच येत नाही, त्यामुळे ते गप्प राहतात. बारीक सळई, तार, बंपरच्या खालचा दगड बऱ्याचदा निसटतो. आणि पावसाळ्यात कॅमेऱ्यावर चिखलाचा एक थेंब बसला की निम्मं चित्र गेलं.

आता स्टेअरिंग. पाठ करा: मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, त्या बाजूला स्टेअरिंग. डावीकडे न्यायचा, डावीकडे फिरवा. आरशात उलटं दिसतंय वगैरे विचार करू नका.

पण वळणारी चाकं पुढे आहेत हे विसरायचं नाही. मागे जाताना गाडी मागच्या चाकांभोवती फिरते आणि नाक उलट्या बाजूला बाहेर फेकलं जातं. मागचा भाग डावीकडे चालला की पुढचा उजवा कोपरा उजवीकडे फिरतो. सगळे मागे बघत असतात आणि पुढचा फेंडर खांबाला घासतो. तुमच्या जागेत हाच धोका आहे. म्हणून आधी सरळ मागे या. निदान आरसे खांबांच्या बाहेर येईपर्यंत सरळच. मग थांबून, डावीकडे फिरवून, एक डोळा उजव्या पुढच्या कोपऱ्यावर.

आणखी एक. पुढे जाताना वळण संपलं की स्टेअरिंग हातातून आपोआप सरळ होतं. रिव्हर्समध्ये तसं होत नाही. चाकांचा कल असा बसवलेला असतो की मागे जाताना ती सरळ होण्याऐवजी आणखी वळू पाहतात. सोडून दिलं तर काट वाढत जातो. रिव्हर्समध्ये सरळ करायचं काम तुमच्या हातांचंच.

घाटमाथा | दुपारी १२.३३

"सोडून दिलं तर काट वाढत जातो" हे इतकी वर्षं हाताला कळत होतं, कारण आज कळलं. धन्यवाद.

तांबडापांढरा | दुपारी १.१५

आमच्या कोल्हापुरात ट्रॅक्टरला ट्रॉली लावून रिव्हर्स घेणाऱ्यांना विचारा! तिथं सगळंच उलटं. ट्रॉलीचं मागलं टोक डावीकडं न्यायचं तर स्टेअरिंग आधी उजवीकडं. ट्रॉली वळाय लागली की लगेच उलटं फिरवून तिच्या मागनं जायचं. जरा उशीर झाला की ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीसारखे मिटतात. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडल्या की भलेभले हात टेकतात, सरळ मागची ट्रॉली सोडवतात. आमचा थोरला भाऊ एक ट्रॉली उसाच्या फडात दोन सऱ्यांच्या मधी बरोबर नेऊन लावतो, मागं न बघता बोलत बोलत. लहानपणी मला तो जादूगार वाटायचा, अजून वाटतो.

सह्यवारा | दुपारी १.२१

भाऊंना कुणी तरी चित्रफितीत पकडा राव!

थेम्सकाठ | दुपारी ४.०५

इंग्लंडमधून लिहितेय. इथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही, म्हणून मी भारतात पंधरा वर्षं गाडी चालवूनही इथे पुन्हा मॅन्युअलवर शिकले. ४ डिसेंबर २०१७ पासून परीक्षेत थोडा बदल झाला. आधी कोपऱ्यावरून मागे वळवून दाखवावं लागे, ते गेलं. आता समांतर पार्किंग, खणात गाडी लावणं, किंवा रस्त्याच्या उजव्या बाजूला थांबून दोन गाड्यांएवढं अंतर मागे येणं, यांतलं एक सांगतात.

शिक्षिकेने मला एक सवय लावली ती इथे देते. रिव्हर्स पडल्यावर लगेच क्लच सोडायचा नाही. आधी पूर्ण गोल नजर फिरवायची: डावा खांदा, मागची काच, उजवा आरसा, उजवा खांदा. मगच हलायचं, आणि मुख्य नजर मागच्या काचेतून. आरसे मधे मधे, क्षणभर. गाडी थांबली की पुन्हा पूर्ण गोल. दोन चुका ती अजिबात खपवून घ्यायची नाही: फक्त एका आरशात बघत राहणं आणि फक्त कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत राहणं. सीटबेल्टमुळे मान वळत नसेल तर इथे मागे घेताना चालकाला बेल्ट काढायची सूटही आहे.

हळदकुंकू७२ | संध्याकाळी ५.३०

मान वळत नाही त्याचं काय करायचं? मला स्पाँडिलायटिस आहे. मी आरशांवरच घेते आणि नीट येते. डावा आरसा थोडा खाली करते, म्हणजे मागचं चाक आणि जमिनीवरची पांढरी रेघ दोन्ही दिसतात. दार आणि रेघ यांमधली पट्टी सगळीकडे सारखी दिसली की गाडी सरळ आहे. पण डावा आरसा बहिर्गोल असतो, त्यात भिंत आहे त्यापेक्षा लांब भासते. त्यामुळे भासतं त्याच्या निम्मंच अंतर धरून चालते.

थेम्सकाठ | संध्याकाळी ५.५२

हळदकुंकू, पट्टीची खूण फार कामाची. मानेला शक्य नसेल तर आरसेच, पण मग गाडीत बसण्याआधी एक फेरी चालून मागे बघून घ्या. आरशात न दिसणारा भाग त्या फेरीत दिसतो.

कलमदान | रात्री ८.१०

थोडं कायद्याचं. १९८९ च्या रस्त्यावरील नियमांत मागे घेण्याविषयी स्वतंत्र कलम होतं. कुणाला धोका किंवा अकारण अडचण होणार नाही याची खात्री झाल्याशिवाय गाडी मागे न्यायची नाही, आणि वळवून घ्यायला लागेल त्याहून जास्त अंतर मागे जायचं नाही. अपवाद फक्त रोड रोलरला. इंग्लंडच्या हायवे कोडमध्येही गरजेपेक्षा जास्त मागे जाऊ नका असंच आहे.

हे सांगण्याचं कारण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. लोणावळ्याचा फाटा चुकला म्हणून शंभर-दोनशे मीटर रिव्हर्स येणारे लोक मी दोनदा पाहिले आहेत. मागून ट्रक उतारावरून येत असतो. फाटा चुकला तर पुढच्या ठिकाणी बाहेर पडा, वीस-पंचवीस मिनिटं जातील. द्रुतगती मार्गावर रिव्हर्स गियरला हातसुद्धा लावू नये, हे नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

तांबडापांढरा | रात्री ८.२२

+१. डोळ्यांनी बघितलंय. काळजाचा ठोका चुकतो.

अटलांटापार | रात्री ११.४५

वाचत होते, लिहावंसं वाटलं. इथे अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या कारला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. त्यामागचा कायदा कॅमरून गुलब्रान्सेन या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने आहे. २००२ साली घरापुढे गाडी मागे घेताना तो गाडीखाली आला. गाडी चालवत होते त्याचे वडील. ते स्वतः बालरोगतज्ज्ञ होते, आरशात बघूनच मागे येत होते. एवढं लहान मूल गाडीच्या मागे अगदी जवळ असलं तर कुठल्याच आरशात दिसत नाही.

आपल्याकडे सोसायटीत खाली मुलं खेळत असतात, गाडीखाली मांजरं, कुत्र्याची पिल्लं झोपलेली असतात. थेम्सकाठ म्हणाली ती फेरी मानेचं दुखणं नसलेल्यांनीही मारावी. मी रोज मारते. बारा सेकंद लागतात, मोजले आहेत.

लालडबा | मंगळवार, सकाळी ६.५५

बाबाही चढण्याआधी गाडीभोवती फिरायचे. मला वाटायचं टायर बघतात.

चिरेबंदी | सकाळी ९.२०

अटलांटापार, धन्यवाद. हे वाचल्यावर माझी फेरी आजपासून चालू.

जास्वंदताई, एक राहिलं. संध्याकाळी घरी आल्यावरच गाडी रिव्हर्समध्ये लावत जा, नाक बाहेर. मागची चाकं वळत नसल्याने मागून शिरताना गाडी अरुंद जागेत नीट बसते, आणि आत फक्त खांब नि भिंत असते, ती हलत नाहीत. सकाळी बाहेर काढताना मात्र मुलं, दुचाकी, दूधवाला सगळे हलते असतात. तेव्हा समोर बघत निघालेलं बरं.

केतकीबन | सकाळी ९.४१

पण शिकणाऱ्याला खांबांमध्ये मागून शिरणं जास्त अवघड नाही का? मला तर बाहेर निघणं सोपं वाटतं.

चिरेबंदी | सकाळी ९.५८

आत शिरायला नेम लागतो, बाहेर निघायला नशीब. नेम शिकता येतो.

निळी_जास्वंद | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.१५

मंडळी, उशीर झाला, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

रोज सकाळी साडेसहाला जवळच्या मैदानात जात होते. खांब म्हणून चार प्लास्टिकच्या बादल्या, आत विटा आणि त्यात उभे केलेले झाडूचे दांडे, म्हणजे आरशात दिसावेत. आमच्या पार्किंगची रुंदी टेपने मोजली आणि तेवढ्याच अंतरावर बादल्या मांडल्या. पहिले चार दिवस फक्त घाटमाथांचा एक मिनिटाचा व्यायाम. तिसऱ्या दिवशी ती जागा सापडली! इंजिनाचा आवाज जड होतो म्हणजे काय, ते पायाच्या चवड्याला कळलं. टाच टेकवल्यावर पाय थरथरायचा थांबला. 'खर्रर्र' तर पहिल्याच दिवशी गेला. एक, दोन, तीन मोजते.

पाचव्या दिवसापासून स्टेअरिंग. अकरा वेळा बादली पाडली. त्यातल्या नऊ वेळा पुढच्या उजव्या कोपऱ्याने! यंत्रवेडांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मग आरसा बादलीच्या पुढे येईपर्यंत सरळ यायची सवय लागली. बिघडलं की मनात चिरेबंदींच्या मामांचं वाक्य म्हणते: पुढे घे, सरळ कर, मग ये.

वॉचमनकाकांना समजावून सांगितलं की 'डावी-उजवी' नको, नुसत्या टाळ्या वाजवा, कुणी मधे आलं की थांबा. त्यांना ते इतकं आवडलं की आता सगळ्यांच्या गाड्यांना टाळ्या वाजवतात. गॅलरीतले काका त्या दिवशी पुन्हा बोलायला लागले, तर वॉचमनकाकांनीच वर बघून "साहेब, टाळी चालू आहे" असं सांगितलं.

गुरुवारी आईला घेऊन निघाले. आधी फेरी मारली. गाडीखाली मांजर होतं, ते उठेपर्यंत थांबले. आई मागे काठी धरून बसली होती. एका दमात बाहेर आले. गेटपाशी पोचल्यावर आई म्हणाली, "झालं? मला कळलंच नाही मागे गेलेलं."

आता एकच अडतंय. दवाखान्याच्या तळघरातला उतार. खाली जागा नसली तर रिव्हर्समध्ये चढ चढून वर यावं लागतं. तिथे मुंगीची चाल चालत नाही, ब्रेक सोडला की गाडी पुढे घरंगळते.

घाटमाथा | रात्री ८.४०

आईंचं वाक्य वाचून मन भरून आलं. ताई, जिंकलात.

उतारासाठी हँडब्रेक. तो ओढलेला ठेवून रिव्हर्स टाका, क्लच त्या जागेपर्यंत आणा. इथे मात्र ॲक्सिलरेटर थोडा लागेल. गाडीचा मागचा भाग ओढ घेतोय असं वाटलं की हँडब्रेक हळू सोडा. बटण दाबून धरा, म्हणजे खट्कन सुटणार नाही. आधी घाटातल्यासारख्या मोठ्या चढावर नको, मैदानाकडे जाणाऱ्या बारक्या चढावर करा. पाच-सहा वेळांत हातपाय जुळतात. आणि मागून दुसरी गाडी उतरत नाही ना, हे आधी कुणाला तरी वर उभं करून बघायला सांगा.

केतकीबन | रात्री ८.५५

जास्वंद, तुझं कुठलं मैदान? मीही येते उद्या साडेसहाला. तीन वर्षं झाली, आता पुरे ते अर्धा किलोमीटर चालणं.

निळी_जास्वंद | रात्री ९.०१

ये ना! ठिकाण निरोपात कळवते. बादल्या माझ्याकडे चार आहेत, दोन तू आण. झाडूचे दांडे मात्र तुझे तू बघ, आमच्या घरात आता एकही झाडू धड उरलेला नाही.